चिंचेखाली लावलेली गाडी

“उस्ताद, पस्तीस वर्षांनी फटफटी सोडली, तर बाईचं मागं काय उरतं?”

बाबालाल मुजावर दर्ग्याच्या ओट्यावर बसून पितळी धुपदाणी राखेनं घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“पायऱ्या चढताना किती वेळा थांबलीस?”

“थांबले नाही.”

उस्ताद घासत राहिले...

“तीनदा,” शैलजा म्हणाली.

“चारदा. चौथ्यांदा वर आल्यावर, कठड्यापाशी. तोंड पुसायला.”

गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ही पिराची टेकडी आहे. पुढून जुन्या दगडी पायऱ्या, साठ-सत्तर तरी असतील. मागून मात्र डांबरी सडक थेट दर्ग्याच्या अंगणात येते. सडक झाल्यापासून पायऱ्यांवर शेळ्यांशिवाय कुणी चढत नाही.

“सडक बंद आहे?” उस्तादांनी विचारलं.

“नाही.”

“गाडी बिघडली?”

“नाही.”

“मग पायथ्याच्या चिंचेखाली कशाला लावलीस?”

तिचा उजवा गुडघा अजून ठणकत होता. तो ओढणीखाली झाकून ती ओट्याच्या कडेला टेकली.

“मघाशी एक गाडी चढ चढून आली,” उस्ताद म्हणाले. “चढावर गिअर कमी केला नाही. एका सुरात आली न् चिंचेखाली बंद झाली. मला वाटलं, दुसरंच कुणी आलं.”

“...मीच होते.”

“व्हय. पायऱ्यांवर कळलं.”

शैलजा तोडकर ही जनावरांची डॉक्टर. चोविसाव्या वर्षी दूध संघात लागली, तेव्हा अख्ख्या तालुक्यात त्या कामावर दुसरी बाई नव्हती. म्हैस अडली की माणसं पहाटे दार ठोठावत, आणि वाड्यावस्त्यांवर एस.टी. जात नसे. तिनं मोटरसायकल घ्यायची ठरवली. सासऱ्यांनी सांगितलं, बाईमाणसाला स्कूटर शोभते, तीही लहानशी. संघातल्या साहेबांनी तेच सांगितलं. गावातल्या दोन गॅरेजवाल्यांनी तर ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तिसरं गॅरेज स्टँडमागचं, बाबालाल मुजावरांचं. त्यांनी एवढंच विचारलं होतं, की उद्या पहाटे मैदानावर येतेस का. आणि सांगितलं होतं, साडी नको.

तीन आठवड्यांत ती शिकली. पुढे घाटातली वळणं, चिखलातला उतार, ओल्या डांबरावरचा ब्रेक, सगळं उस्तादांनीच शिकवलं. लोक तिला फटफटीवाली डॉक्टरीणबाई म्हणू लागले. आधी हसून, मग हाक मारायला, आणि शेवटी मानानं. कुणी स्कूटरचा विषय काढला, की तिच्याजवळ उत्तर तयार असे, आणि ते असं असे की तो माणूस पुन्हा काढत नसे.

निवृत्त झाल्यावरही तिनं गाडी सोडली नाही. चौदा वर्षांपूर्वी तिनं बायकांचा एक गट जमवला होता. दर जानेवारीत त्या मोटरसायकली काढून कुठंतरी लांब जात. नऊजणी, आणि सगळ्यांत पुढं शैलजा. येत्या रविवारी हंपीला निघायचं होतं.

आणि डिसेंबरात ती पडली.

पडली म्हणजे अपघात नव्हे. एका चहाच्या टपरीसमोर उतारावर गाडी उभी करताना गुडघ्यानं दगा दिला, आणि गाडी हळूच, जणू झोप आल्यासारखी, तिच्या अंगावर कलली. तिनं ती धरून ठेवायचा प्रयत्न केला. धरवली नाही. गाडी आडवी झाली आणि शैलजा तिच्याशेजारी धुळीत बसली. टपरीवरच्या दोघांनी धावत येऊन गाडी उचलली. त्यातला एकजण अगदी मायेनं म्हणाला, मावशी, आता स्कूटर घ्या.

तयार उत्तर त्या दिवशी आलंच नाही.

हाडाच्या डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि सांगितलं, चाला, फिरा, गाडी चालवा, पण असा पाय टाकून उंच गाडीवर चढणं विसरा. ती वजनदार गाडी पायावर पेलणंही विसरा.

दोन आठवडे ती घरात बसली. मग नवऱ्याला न सांगता जाऊन एक मोठी स्कूटर घेऊन आली. लांब पल्ल्याची, रुंद सीटची, पुढं उंच काच असलेली. चढायला पाय उचलावा लागत नाही, मधून सरकवला की झालं.

हे सगळं तिनं उस्तादांना सांगितलं. सांगताना तिनं स्कूटरचं एकदाही नाव घेतलं नाही. ‘ते घेतलं’ म्हणाली, ‘ते आणलं’ म्हणाली.

उस्तादांनी धुपदाणी पाण्यातून काढली.

“चालवायला वाईट आहे?”

खाली रानात कुणीतरी गुऱ्हाळ पेटवलं होतं. उसाच्या रसाचा गोडसर धूर वर येत होता.

“परवा निपाणीपर्यंत जाऊन आले,” ती म्हणाली. “वारा अंगावर येत नाही. पाठ दुखली नाही. हेल्मेट, डबा, शाल, सगळं सीटखाली गेलं. येताना...”

“येताना काय?”

“येताना मी गाणं म्हणत होते, उस्ताद.”

“मग?”

“मग काय? पस्तीस वर्षं ज्यांच्याशी भांडले, तेच खरे ठरले की. मला रडू यायला हवं होतं. मला वाईट वाटत नाही, याचंच वाईट वाटतंय.”

उस्तादांनी धुपदाणी उन्हात पालथी घातली आणि हात पुसले.

शैलजानं मग मनात ठरवून आणलेलं बोलून टाकलं. रविवारी ती जाणार नव्हती. गटाला तब्येतीचं कारण सांगणार होती. पुढं राहायचं काम रोहिणी खराडेकडं द्यावं, ती शाळेतली बाई आहे, शिस्तीची आहे, आणि उस्तादांनी तिला एकदा बोलावून आशीर्वाद द्यावा. मोटरसायकल इथं अंगणात, पत्र्याखाली ठेवावी असंही तिच्या मनात होतं. ज्यांनी शिकवली त्यांच्या दारात राहील.

“घरी ठेव की,” उस्ताद म्हणाले. “चारा मागत नाही ती.”

“रोज समोर दिसते, उस्ताद. तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही एका दिवसात सोडलीत.”

“काय सोडलं?”

“सगळंच. गॅरेज, गाडी. पुतण्याला किल्ली दिलीत आणि पिराची सेवा करायला वर आलात. मागं वळून बघितलं नाहीत. मी प्रत्येक नव्या मुलीला तुमची गोष्ट सांगते. म्हणते, गाडी अशी चालवावी, आणि सोडायची वेळ आली की उस्तादांसारखी सोडावी.”

बाबालाल मुजावर तिच्याकडं बघत राहिले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग मिशीच्या टोकांपासून हसू पसरत गेलं.

“पाय उचलत नव्हता,” ते म्हणाले.

“...काय?”

“खुब्यातून. अकरा वर्षं झाली. सीटवरून पलीकडं जाईना.”

शैलजा ऐकतच राहिली. किती बायकांना, किती मुक्कामांवर, शेकोटीशी बसून तिनं उस्तादांचं ते वैराग्य सांगितलं होतं. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं तिनं पाहिलं होतं.

“पण तुम्ही मला कधी बोलला नाहीत.”

“तू विचारलं नाहीस.”

तिनं मान खाली घातली. अकरा वर्षांत ती इथं किती वेळा आली असेल. येऊन आपल्या प्रवासाचं सांगितलं होतं, घाटांचं सांगितलं होतं, पेढे ठेवले होते. उस्ताद, तुम्ही खाली कधी जाता, कसे जाता, हे खरंच विचारलं नव्हतं.

“जा,” उस्ताद म्हणाले. “ती वर घेऊन ये.”

“आत्ता?”

“पायऱ्यांनी उतर, सडकेनं ये.”

ती उतरली. या वेळी किती वेळा थांबली ते तिनं मोजलं नाही. स्कूटर चिंचेच्या सावलीत होती, सीटवर पाला पडला होता. तो झटकून ती मागच्या सडकेनं चढ चढून अंगणात आली, आणि उतरून बाजूला उभी राहिली, परीक्षा द्यायला आलेल्या पोरीसारखी.

उस्तादांनी गाडीभोवती फेरी मारली नाही. इंजिनाचं काही विचारलं नाही. हात पुढं केला.

“किल्ली.”

“उस्ताद, तुम्ही...?”

त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन मागच्या वर्षी झालं होतं, दोन्हींचं, हे तिला ठाऊक होतं. वरच्या सडकेला रहदारी नाही, हेही ठाऊक होतं. तरी तिचा हात लगेच पुढं गेला नाही.

त्यांचा हात तसाच राहिला...

तिनं किल्ली दिली. सीटखालून दोन हेल्मेटं काढली, एक स्वतः घातलं आणि दुसरं त्यांच्या डोक्यावर चढवून पट्टा लावला. उस्तादांनी लुंगीचा सोगा वर खोचला, सीटला एक हात टेकला आणि पाय मधून सरकवला. मग दुसरा. बसले. दोन्ही पाय जमिनीला टेकवून त्यांनी एक मोठा श्वास घेतला.

“बस मागं.”

शैलजा हलली नाही.

पस्तीस वर्षांत ती कुणाच्या मागं बसली नव्हती. नवऱ्याच्या नाही, भावाच्या नाही. लेकाच्या लग्नातही घरून हॉलपर्यंत पैठणीवर स्वतःची गाडी चालवत गेली होती. तो फोटो अजून गटातल्या बायका एकमेकींना दाखवतात.

“गुडघा मागच्या सीटवरून जाणार नाही, उस्ताद.”

“एका अंगाला बस.”

दोन्ही पाय एका बाजूला टाकून, गाठोडं ठेवल्यासारखं बसायचं. तिनं पहिल्याच पहाटे मैदानावर उस्तादांना सांगितलं होतं, की असं मी जन्मात बसणार नाही.

उस्ताद आरशात बघत होते. घाई नव्हती त्यांना.

ती बसली. एका अंगाला, दोन्ही पाय पायटीवर, एक हात उस्तादांच्या खांद्यावर.

गाडी अंगणातून निघाली.

टेकडीच्या पाठीमागं सडक पठाराला लागते आणि मग रमतगमत उसाच्या रानांतून जाते. पहिल्या वळणावर शैलजाचा डावा पाय आपोआप दबला, गिअरसाठी. दुसऱ्या वळणावरही दबला. खांद्यावरचा हात घट्ट झाला. पण वळण आलं तसं गेलं. उस्तादांनी लांबूनच वेग उतरवला, अंग थोडंसं कललं, नजर वळणाच्या पलीकडं आधीच पोचलेली, आणि गाडी पाण्यासारखी वळून गेली. तिला ते वळण ओळखीचं होतं. तिनं स्वतः अशीच हजारो घेतली होती, आणि ती कुणाची होती हे आज पाठीमागून बघत होती.

तिसऱ्या वळणावर पाय दबला नाही.

मग तिला इकडंतिकडं बघायला सवड मिळाली. चालवणाऱ्याला रस्ता दिसतो. तिला आज बांधावरची शेवरी दिसली, विहिरीवर वाळत घातलेल्या गोधड्या दिसल्या, उसाच्या तुऱ्यांवर उतरलेलं ऊन दिसलं. एका म्हातारीनं शेळ्या आवरत हात वर केला. उस्तादांनी हॉर्न वाजवला. त्यांनाच तो आवाज आवडला असावा, कारण पुढं कुणी नसताना त्यांनी पुन्हा वाजवला.

समोरून उसाची बैलगाडी आली. उस्तादांनी गाडी कडेला घेतली, इतकी अलगद की शैलजाचं अंग पुढं झुकलंसुद्धा नाही. बैलांच्या घुंगरांचा आवाज लांब जाईपर्यंत ते थांबून राहिले.

“उस्ताद, चला की.”

“थांब जरा,” ते म्हणाले. “ऐकतोय.”

पुढं गुऱ्हाळ होतं. उस्तादांनी गाडी तिथं उभी केली. काहिलीशी उभा असलेला माणूस घाम पुसत पुढं आला आणि बघतच राहिला. ‘चाचा, तुम्ही?’ एवढंच म्हणून त्यानं उस्तादांचे दोन्ही हात धरले. शैलजाला त्यानं सांगितलं, की आधी चाचा दर हंगामात इथं यायचे, पहिल्या आधणाचा गूळ खायला. मग यायचे बंद झाले. सगळ्यांना वाटलं, पिराचे झाले, आता त्यांना गोडधोड नको.

“टेकडीवरून किती लांब आहे हे?” शैलजानं विचारलं.

चार किलोमीटर असेल, तो म्हणाला.

त्यानं पळसाच्या पानावर गरम गूळ आणून दिला. स्कूटरकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. गुऱ्हाळावरच्या कुणीच पाहिलं नाही. सगळे उस्तादांना बघत होते, आणि उस्ताद बोटं भाजत, फुंकर घालत, डोळे मिटून गूळ खात होते.

शैलजा बाजूला गेली आणि तिनं रोहिणी खराडेला फोन लावला. रविवारी सकाळी सहाला निघायचं आहे ना, एवढं पक्कं केलं. मग म्हणाली,

“मी येतेय. पण स्कूटरवर.”

शैलजानं ओठ आवळले.

रोहिणीनं विचारलं, की मोठी आहे का. शैलजा म्हणाली, मोठी आहे. सीटखाली जागा किती आहे? बरीच आहे. मग रोहिणी मोकळी झाली. म्हणाली, बरं झालं बाई, दरवर्षी ती स्टोव्हची पिशवी माझ्याच पाठीवर असते, या वर्षी तुमच्याकडं देते. पुढं कोण राहणार वगैरे तिनं विचारलंच नाही. दशम्या किती करायच्या ते विचारलं.

फोन ठेवून शैलजा तिथंच उभी राहिली. तिला हसू आवरेना. गुऱ्हाळवाला तिलाही एका पानावर गूळ देऊन गेला.

परत निघताना उस्ताद गाडीपाशी गेले, पण तिला पुढं बसायला सांगितलं नाही. स्वतःच पुढं बसले. तीही काही न बोलता मागं बसली, एका अंगाला, आणि या वेळी तिनं हात खांद्यावर ठेवला तो नुसता ठेवला.

येताना कुणीतरी गाणं गुणगुणत होतं. अर्ध्या वाटेवर शैलजाच्या ध्यानात आलं, की दोघंही गुणगुणताहेत, आणि गाणी वेगवेगळी आहेत.

ऊन तिरपं झालं होतं. दर्ग्याच्या अंगणात उस्तादांनी गाडी उभी केली, स्टँडवर घेतली, पाय मधून काढले. हेल्मेट काढून तिच्या हातात दिलं. मग किल्ली काढली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि ओट्यावर जाऊन बसले. वाळलेली धुपदाणी उचलून ते तिच्यात निखाऱ्यांसाठी राख पसरू लागले.

शैलजा गाडीपाशी उभी होती.

तिला वाटलं, विसरले असतील. ती ओट्यापर्यंत आली आणि हात पुढं केला.

“उस्ताद, किल्ली.”

“कसली?”

“गाडीची.”

“कुणाच्या गाडीची?”

ते बघत होते. अगदी साध्या चेहऱ्यानं.

शैलजानं अंगणात उभ्या गाडीकडं वळून पाहिलं. काचेवर पठाराची धूळ होती, आणि हँडलला गुळाचे हात लागलेले होते.

“माझ्या,” ती म्हणाली. “माझी गाडी आहे ती.”

उस्तादांनी खिशात हात घातला. किल्ली काढून सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

“आत्ता झाली.”